अर्धा किलो साखर

पोलिसाच्या वर्दीतली रेणुका तिकोणा पेठेतल्या दुकानात शिरली, तशी माणसं आपसूक बाजूला सरली. "मॅडमचं आदी द्या," कुणीतरी म्हणालं. ड्युटी संपवून घरी जाताना तिला अर्धा किलो साखर हवी होती, बाकी काही नाही.

नंदाबाई काट्यावर साखर ओतत होत्या. पत्र्याखाली मरणाचा उकाडा. कपाळावरचा घाम पुसायला रेणुकाने टोपी काढली आणि नंदाबाईंच्या हातातून डबाच निसटला. साखर जमिनीभर सांडली.

"माझा धाकटा सत्यम सकाळीच धरणावर गेलाय," त्या कशाबशा बोलल्या. "त्योच का?"

"नाही हो मावशी! मी साखर न्यायला आलेय."

नंदाबाई मटकन खाली बसल्या. "मग टोपी कशापायी काढलीस, बाई? थोरल्या निलेशच्या येळेला बी दारात हुबी ऱ्हाऊन तू आदी टोपीच काढली हुतीस. मग सांगितलंस, त्यो गेला म्हून."

रेणुकाने घाईघाईने टोपी चढवली. घाम डोळ्यांत उतरून झोंबू लागला, तरी दुकानाबाहेर पडेपर्यंत तिने तो पुसला नाही.