तपासणी चालू आहे

शेवटी मेळा बंद पडला नाही. हे मी सांगितलंच नाही असं समजा, कारण दुपारी अडीच वाजता तो बंद पडणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. सुरक्षा तपासायला आलेल्या निरीक्षकांना तर शंका हा प्रकारच ठाऊक नव्हता.

मेळा एका जुन्या गोदामात भरायचा. पत्र्याच्या छताखाली टकरीच्या गाड्या, लाकडी घोड्यांचं चक्र, भुताची खोली आणि मधोमध आकाशपाळणा. पाळण्याचं टोक आणि छत यांत जेमतेम हातभर अंतर. मालकीणबाईंना सगळं जग काकू म्हणायचं, त्यांचा सख्खा भाऊसुद्धा. भाऊ पाळणा चालवायचा. त्याला सगळे मामा म्हणायचे, काकूसुद्धा.

निरीक्षकांनी अहवालात ‘बंद’ लिहिलं, की गोदाम फर्निचरवाल्याकडे जाणार होतं. मेळ्यावर अकरा घरं चालत होती. फर्निचरवाला सकाळीच येऊन भिंती मोजून गेला होता.

“साहेब, आधी दोन घास खाऊन घ्या,” काकू म्हणाल्या.

“मी खात नाही बाई. मी तपासतो.”

त्यांनी पॉपकॉर्नचा एक पुडा तपासला. मग मक्याचं कणीस तपासलं. साखरेचा कापूस दोनदा तपासावा लागला, कारण पहिल्या वेळी पुरावा तोंडातच विरघळला.

टकरीच्या गाड्यांपाशी ते स्वतः एका गाडीत बसले. कागद बघून शेरा मारणारे वेगळे, मी बसून तपासतो, असं त्यांनी दोनदा सांगितलं. चार नंबरच्या गाडीने त्यांना मागून धडक दिली. त्यांनी वही काढली.

“ही गाडी दुसऱ्या गाडीला धडकते.”

“साहेब, तिचं कामच ते आहे,” मामा म्हणाला.

“कबूल करताय, चांगलं आहे.”

त्यांनी बॅगेतून लाल पट्टी काढली, झोकात सही केली आणि गाड्यांच्या बटणावर चिकटवली. एक कोपरा वर राहिला होता. मामा तो दाबायला पुढे झाला.

“हात लावू नका! ज्याची सही, त्याचाच हात. सील काढायचं तर मीच, यंत्राशेजारी जमिनीवर उभं राहून. एकवीस वर्षांत माझं एकही सील दुसऱ्याने काढलेलं नाही.”

“आणि तुम्ही?” काकूंनी विचारलं.

“मी काढतच नाही.”

घोड्यांच्या चक्रावर त्यांना घोडे एकाच दिशेने पळताना आढळले. सील. भुताची खोली अंधारी निघाली, शिवाय भुताने हेल्मेट घातलं नव्हतं. सील. चादर काखेत घेऊन भूत बाकावर येऊन बसलं. त्याच्या घरी दोन लेकरं होती.

“मेळा आत्ताच बंद करायचा का हो?” काकूंचा आवाज अगदी साधा होता.

“नियम असा नाही. तपासणी चालू असताना मेळा बंद करता येत नाही. मी अहवालाखाली सही करून बाहेर पडलो की तपासणी पूर्ण. मग बंदीचा कागद. सकाळी नऊला मिळेल तुम्हाला.”

“आणि तुमच्याऐवजी दुसरे कुणी साहेब आले तर?”

“एकाची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय दुसरा पाय ठेवू शकत नाही. बाई, नियम मला पाठ आहेत. तुम्ही पाळण्याचं बघा.”

“बघते की,” काकू म्हणाल्या.

निरीक्षक पाळण्यात एकटेच चढले. बॅग खाली ठेवली, पण त्याआधी एका पट्टीवर सही करून, मी सांगितलं की लावायची असं बजावून ती मामाच्या हातात दिली. दोष सापडणारच, मग वेळ कशाला घालवा.

पाळणा फिरला. त्यांची पेटी टोकाला पोचली तेव्हा वरून खणखणीत आवाज आला.

“थांबवा!”

मामाने थांबवला.

“दाराच्या कडीचा एक स्क्रू नाही! सील करा!”

मामाने काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान वर केली.

“साहेब, खाली आल्यावर केलं तर नाही का चालणार?”

“सबबी नकोत!”

“अहो, एक अर्धा फेरा फक्त...”

“एक इंचही फिरवायचा नाही! आदेश म्हणजे आदेश!”

“लेखी मिळेल का?”

वरून वहीचं पान तरंगत आलं. त्यावर आदेश होता, वेळ होती, आणि सही तर अशी देखणी, की फ्रेम करावी. काकूंनी ते दोनदा वाचलं.

“मामा, साहेबांचा शब्द मोडायचा नाही. लाव.”

मामाने पट्टी लावली. चारही कोपरे नीट दाबले.

आज सहावा दिवस. अग्निशामक दलाची माणसं येऊन गेली. शिडी लावायची तर पाळण्याला हात लावावा लागला असता, आणि सीलवर ठळक अक्षरांत मनाई होती. माणसं साखरेचा कापूस घेऊन परतली. फर्निचरवाला भिंती विसरला. साहेबांना बघायला शाळांच्या सहली येतात; भूत आता त्यांना रांगेत उभं करतं. दोरीला बांधलेल्या बादलीतून वर दोन वेळचं जेवण जातं आणि खाली अर्ज येतात. काकू प्रत्येक अर्ज वाचतात, आवक क्रमांक घालतात आणि योग्य त्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे त्याच बादलीतून वर, पाठवून देतात. आजचा अर्ज असा:

“प्रति, मा. निरीक्षक. विषय: अर्जदारास जमिनीवर उतरवणेबाबत. महोदय, आपण कृपया यंत्राशेजारी समक्ष उपस्थित राहून आपल्या सहीचे सील काढावे, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, निरीक्षक.”