शेवटचा हात

"अण्णा, शेवटचा हात तुमचाच," म्हणत मुलाने टॉर्क पाना पुढे केला.

लकव्याने हातातला जोर ओसरला होता, तरी अण्णांनी ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या हेडचे बोल्ट मधून कडेकडे आवळत नेले. पान्यावर लावलेल्या आकड्याइतका बोल्ट आवळला की पाना 'कट्' वाजायचा. प्रत्येकावर वाजला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "या हाताला तोड नाही!" अण्णा खुशीत जेवायला निघाले.

विसरलेला चष्मा न्यायला ते परतले, तेव्हा मुलगा पान्याचा आकडा वाढवून तेच बोल्ट पुन्हा आवळत होता. म्हणजे अण्णांच्या हातात पाना वाजावा म्हणून आकडा आधीच उतरवून ठेवलेला!

मुलगा चपापला. "अण्णा, ते जरा..."

"मधल्या बोल्टापासनं धर, कडेनं नको. हेडखालचं गॅस्केट जाईल." अण्णांनी चष्मा उचलला. "आणि उद्यापासनं माझ्यादेखत आवळ. मी जायची वाट कशाला बघतोस?"