दुभाषी बाईंचं इंग्रजी

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी निहारचा भारतीय पासपोर्ट टेबलावर पुढे सरकवला. "गवाणकर, अकरा वर्षांपूर्वी तुम्ही दोघं नवरा-बायको ऑस्ट्रेलियाचे नागरिक झालात. मुलगा मात्र भारतीयच कसा राहिला?"

मारामारीच्या गुन्ह्यात दीड वर्ष तुरुंगात काढल्यावर निहारचा व्हिसा रद्द झाला होता; त्याला भारतात परत धाडायचं का, ते आज ठरायचं होतं. तिसऱ्या वर्षी इथे आलेल्या त्या पोराला मराठी ओ की ठो कळत नव्हतं. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज सरकारने नाकारला, असंच गवाणकरांनी त्याला सांगितलं होतं.

गवाणकरांना इंग्रजी चांगलं यायचं. तरी आज त्यांनी मुद्दाम दुभाषी मागितली होती. निदान पोराला तरी कळायला नको.

"घरातलं एक तरी माणूस भारतीय राहावं, म्हणून मीच त्याचं नाव अर्जात घातलं नाही," ते मराठीत पुटपुटले. "दर गणपतीला चारचौघांत छाती फुगवून सांगायचो मी हे. त्याच्यासमोरच."

काहीच न कळलेला निहार बापाला धीर द्यायला हसला.

आणि दुभाषी बाई तेच उत्तर खणखणीत इंग्रजीत सांगू लागल्या. हे गवाणकरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली. पोराचं हसू कुठल्या शब्दाला मावळतं, ते त्यांना बघवणार नव्हतं.