धोंडूचे टाळ

प्लेगच्या साली म्युनिसिपालिटीचे जयवंतराव परळच्या चाळीत आजारी माणसं शोधत फिरत होते. जाईबाई आपल्या कुलूपबंद दाराशी तांदूळ निवडत बसली होती.

"तुमचा मुलगा धोंडू हल्ली कीर्तनात टाळ धरायला दिसत नाही तो?" त्यांनी विचारलं.

"गावाला गेलाय, साहेब."

"आणि तुम्ही अशा बाहेर?"

"किल्ली हरवली."

मग तांदूळ आणि सूप बाहेर कसं आलं, याचं जयवंतरावांना नवल वाटलं. निघता निघता त्यांनी बुवांसारखा घोष केला, "पुंडलीक वरदे..."

"हारी विठ्ठल," कुलपाआडून क्षीण आवाज आला.

जाईबाईच्या हातून सूप निसटलं. "इस्पितळात गेलेला परत येत नाही हो."

"आवाज अजून सुरात आहे, जाईबाई. उशीर झालेला नाही. इस्पितळात मी बसतो त्याच्याजवळ."

जयवंतरावांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले, तशी जाईबाईनं कनवटीची किल्ली काढली.