सुटलेला टाका
हिंगण्याच्या एका कारखान्यात आई वीस वर्षं परदेशी जाणारे शर्ट तपासायची. सवय अशी लागली की घरी आलेल्या पाहुण्याचीही कॉलर आधी उलटून बघायची आणि मग पाणी द्यायची. मला लाज वाटायची. पुढे मी अर्थतज्ज्ञ होऊन व्यापाराची धोरणं आखत देशोदेशी फिरले. काल ती नोकरी संपवून जरीपटक्याला आईच्या घरी परतले, तर दारातच तिनं माझ्या जिनिव्हात घेतलेल्या जॅकेटची कॉलर उलटली. एक टाका सुटला होता. “शिफ्ट संपता संपता मारलेला टाका आहे हा. लय थकली असन वं बिचारी! कुठची व्हय?” लेबलवर व्हिएतनाम होतं. माझ्या प्रत्येक अहवालात शिवणाऱ्या बायकांच्या कामाच्या तासांवर प्रकरण असायचं. सहकारी विचारत, “हे कुठल्या विद्यापीठात शिकलीस?” आई सुईत दोरा ओवत होती. कॉलर तिच्या हाताशी यावी म्हणून मी खाली वाकले.