पोरीचं अ‍ॅव्हरेज

"खरं सांगू, शिवाप्पा? तुझी मुलगी अ‍ॅव्हरेज आहे," हेडमास्तर सुस्कारा टाकून म्हणाले. दहावीनंतर पोरीला शिकवावं की उजवावं, हे विचारायला स्कूटर दुरुस्त करणारा शिवाप्पा काळ्या हातांनीच शाळेत आला होता.

आता गॅरेजात अ‍ॅव्हरेज म्हणजे एकच, लिटरभर पेट्रोलात गाडी किती पळते ते. शिवाप्पाने गल्लीत इतके पेढे वाटले की, खोटं नाही सांगत, हलवायाची म्हैस आटली. "थोडक्या तेलात लांब जाणारी पोर आहे, खुद्द मास्तर म्हणाले!" असं सांगून त्याने आलेलं स्थळ परत धाडलं.

पोरीला खरा अर्थ ठाऊक होता. पण तोंडात पेढा होता आणि हातात कॉलेजचा फॉर्म. तिने फॉर्म भरून टाकला.

इंजिनिअर झाली त्या दिवशी तिने कबूल केलं, "अप्पा, अ‍ॅव्हरेज म्हणजे बेताची हो!"

शिवाप्पाने दुरुस्तीला आलेल्या हेडमास्तरांच्या मोपेडकडे पाहिलं. "असं होय? चुकले बिचारे. त्यांची ही गाडी लिटरला पंधरा देते. त्यांना अ‍ॅव्हरेज काय कळणार!"