बरण्यांची मांडणी

“वहिनी, पहिल्याच खड्ड्यात खिळखिळी होईल ही मांडणी!” जीपमध्ये डोकं घालून दीर हसला. मागची सीट काढून द्वारकाबाईंनी मोडक्या खाटेच्या पट्ट्या स्वतः ठोकल्या होत्या, लोणच्याच्या बरण्यांसाठी. वर्षाची सगळी मेहनत त्या बरण्यांत होती.

“मग बसा शेजारी, भाऊजी. डोळ्यांनीच बघा,” म्हणत त्या स्टिअरिंगवर बसल्या.

डोंगरवाट अशी, की माकडंसुद्धा एकमेकांचा हात धरून चालतात. पहिल्या वळणावर दार निखळलं, दुसऱ्यावर बंपर, आणि ओढ्यात छप्पर वाहून गेलं. बाजारात पोचताच उरलेल्या जीपनंही बसकण मारली. मांडणी मात्र ताठ उभी. एकाही बरणीला तडा नाही.

“वहिनी, जीप गेली की हो!” दीर कळवळला.

द्वारकाबाईंनी पदर खोचला. “जाऊ द्या. या मांडणीला शोभेल अशी दुसरी बघा.”